एनटी-प्रोबीएनपीची अँटीबॉडी: मधली घ्यावी की सुरुवातीची?

हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारी ही दोन, हार्ट फेल्युअर ओळखायला अँटीबॉडी चिकटवून मोजतात. त्यातलं बीएनपी मोजावं की एनटी-प्रोबीएनपी, हा वाद आमच्या बेळगावात फार टिकत नाही. अथणी, चिकोडी, खानापूरहून सॅम्पल येतंय, दुपारी निघालं तर संध्याकाळी हातात, तोवर बीएनपी ट्यूबमध्येच तुटायला लागलेलं असतं. एनटी-प्रोबीएनपी त्यामानानं दणकट. शिवाय हार्ट फेल्युअरची सॅक्युबिट्रिल गोळी चालू असली की बीएनपी गोळीमुळंच वर जाऊ शकतं. ते मिटलं.

घोळ पुढं हाय. ७६ अमिनो ॲसिडच्या या तुकड्यावर अँटीबॉडी चिकटणार कुठं?

मी दोन्ही वापरल्यात. मधल्या भागावर, साधारण ३० ते ५० नंबरच्या अमिनो ॲसिडच्या आसपास चिकटणारी स्टँडर्डवर (म्हणजे मात्रा आधीच ठाऊक असलेल्या तुलनेच्या सॅम्पलवर) झकास चालते, कर्व्ह असा सुरेख की चारचौघांना दाखवावा. खरं पेशंटचं सॅम्पल घाला, पाय सुजलेले, दम लागतोय, इकोत पंपिंग कमी, आणि शेवटी रिॲक्शन थांबवणारं स्टॉप सोल्यूशन घातल्यावर प्लेटच्या वेलमधला (खळग्यातला) रंग ताकाच्या निवळीसारखा फिकट! शेजारी स्टँडर्ड पिवळाधमक. कारण असं की स्टँडर्ड ई. कोलाय बॅक्टेरियात बनवलेलं, त्यावर शुगर नाही, आणि रक्तातल्या प्रोटीनवर ३६, ३७, ४४, ४८ अशा ठिकाणी शुगरच्या साखळ्या लटकलेल्या, मग अँटीबॉडीनं बसायचं कुठं? साखळ्या कापणारं एन्झाइम घालून तेच सॅम्पल लावलं तर सिग्नल चढला. खरं प्रत्येक प्लेटला हे उपद्व्याप कोण करणार ओ?

१३ ते २४ च्या पट्ट्यात चिकटणारीला ही कटकट नाही, तिथं शुगर बसत नाही. महाग पडते, आणि माझ्या हातात तरी बॅकग्राउंड (नको तो सिग्नल) जरा जास्त येतं, ब्लॉकिंग (प्लेटवरच्या रिकाम्या जागा झाकणं) नीट करावं लागतं. अगदी टोकाची १ ते १२ वाली मी टाळतो, टोक झिजलेलं असू शकतं.

आता मधलीची बाजूही खोटी नाही. दवाखान्यातल्या बऱ्याच मशिनांचे किट मधल्याच भागावर बेतलेले, आणि ३०० च्या खाली हार्ट फेल्युअर नाही धरायचा रूल-आउट किंवा वयानुसार हार्ट फेल्युअर धरायचे ४५०, ९००, १८०० हे आकडे (pg/mL मध्ये) तसल्या किटवरूनच आलेत. तुमचं रीडिंग त्यांच्याशी जुळवायचं असेल, किंवा काम नुसतं रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेल्या) प्रोटीनवर असेल, तर मधली घ्या, वाईट नाही. पेशंटच्या रक्तात खरंच किती हाय ते बघायचं असेल तर मी तरी १३-२४ वालीच मागवीन.

आधी लहान व्हायल घ्या, आणि पार्सल शनिवारी पोचेल असं मागवू नका, सोमवारपर्यंत जेलपॅक कोमट झालेला असतो.