वादी रमची ‘सिनेमा जीप सफर’: कोणती घ्यावी, कोणती टाळावी

आधी निकाल सांगते, कारण अनेकांना तेवढंच हवं असतं. जॉर्डनमधल्या वादी रमला सिनेमातलं वाळवंट बघायला जाणार असाल तर पूर्ण दिवसाची जीप सफर आणि एका रात्रीचा मुक्काम घ्या. तेवढा वेळ नसेल तर चार तासांची घ्या, पण दुपारनंतर निघून सूर्यास्ताला संपणारी. दोन तासांच्या सफरीवर पैसे घालवू नका. आणि पाटीवर ‘फिल्म टूर’ लिहिलंय म्हणून कोणी जास्त दर सांगितला तर तो देऊ नका, कारण वाटेतली ठिकाणं नेहमीच्या सफरीतलीच असतात.

वादी रम जॉर्डनच्या दक्षिण टोकाला आहे. अकाबाहून गाडीने साधारण तासभर, पेट्राहून दीड-दोन तास, अम्मानहून चार तास लागतात. सुमारे 740 चौरस किलोमीटरचा हा संरक्षित भाग 2011 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, तोही निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. खाली ग्रॅनाइटचा पाया, त्यावर वालुकाश्माचे उभे कडे आणि लोहाच्या गंजामुळे लाल झालेली वाळू. साठ वर्षांहून जास्त काळ इथे चित्रीकरण चालू आहे आणि गावातल्या बेदुइन (वाळवंटातले मूळचे भटके अरब) घरांमध्ये कोणी ना कोणी एखाद्या युनिटसाठी गाडी चालवलेली किंवा उंट पुरवलेले असतात. या सेवेची खरी जमेची बाजू हीच. चांगला चालक मिळाला तर कॅमेरा कुठे लावला होता, त्या जागी वाळू कशी झाडून सपाट केली होती, हे तो दाखवतो. साधा चालक मिळाला तर नुसतं बोट दाखवून ‘मार्शियन, मार्शियन’ म्हणतो आणि पुढे निघतो.

एक गोष्ट मनाशी पक्की करून जा: इथे सेट उरलेले नाहीत. संरक्षित भाग असल्यामुळे चित्रीकरण संपलं की सगळं उचलून न्यावं लागतं. ट्युनिशियात ‘स्टार वॉर्स’ची घरं अजून उभी आहेत तसं इथे काही बघायला मिळणार नाही. पाट्याही जवळजवळ नाहीतच. बघायचे ते कडे, आणि त्यांच्यावरचा उजेड.

सुरुवात अर्थातच ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’पासून (1962). पहिल्या महायुद्धात अरबांच्या बंडात सामील झालेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स, त्याच्यावरचा हा चित्रपट. दिग्दर्शक डेव्हिड लीननी 1961 मध्ये इथे 70 मिमीवर केलेलं चित्रण हे या दरीच्या जगभरातल्या प्रसिद्धीचं मूळ. आपल्या प्रेक्षकांसाठी त्यात आणखी एक ओळखीचा चेहरा आहे: वाळवंटात मागे राहिलेला, ज्याला लॉरेन्स परत जाऊन वाचवतो तो कासिम म्हणजे आपले आय. एस. जोहर. पण याच चित्रपटाच्या नावावर सफरीत सर्वांत जास्त गफलती होतात, म्हणून थोडं सविस्तर.

ओमर शरीफ मृगजळातून हळूहळू पुढे येतो ते विहिरीपाशीचं दृश्य वादी रमचं नाही. ते अल-जफरच्या सपाट चिखल-मैदानावर, म्हणजे इथून बरंच उत्तरेला, छायालेखक फ्रेडी यंग यांनी 482 मिमीच्या लांब भिंगातून टिपलं होतं. इथली कुठलीही विहीर दाखवून कोणी ‘हीच ती’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. चित्रपटातला अकाबावरचा हल्लाही अकाबात चित्रित झालेला नाही. त्यासाठी स्पेनच्या किनाऱ्यावर, कार्बोनेरासजवळ, अख्खं खोटं गाव उभारलं होतं. प्रवेशद्वारासमोरचा ‘सात खांबांचा’ डोंगर मूळचा जबल अल-मझमर. लॉरेन्सच्या ‘सेव्हन पिलर्स ऑफ विजडम’ या पुस्तकावरून त्याला ते नाव पर्यटनासाठी खूप नंतर मिळालं. ‘लॉरेन्सचं घर’ म्हणून दाखवतात त्या दगडी अवशेषांत तो राहिल्याचा ठोस पुरावा नाही, पण तिथून दिसणारं मोकळं मैदान मात्र चुकवू नये असं आहे. ‘लॉरेन्सचा झरा’ म्हणून बहुतेक गाड्या ‘ऐन अबू ऐना’ या झऱ्यापाशी थांबतात (अरबीत ‘ऐन’ म्हणजे झरा). लॉरेन्सनं ज्याचं वर्णन केलं तो ‘ऐन शलाले’ हा झरा गावाला लागूनच, चढावर आहे. तो बघायचा असेल तर तसं नाव घेऊन सांगावं लागतं. आणि वादी रम स्थानकातलं वाफेचं इंजिन फोटोसाठी छान असलं तरी अकाबाकडे जाणारा तो फाटा 1970 च्या दशकातला आहे. लॉरेन्सच्या काळातला हेजाझ रेल्वेचा (दमास्कस ते मदिना ही तुर्कांची रेल्वे) मार्ग मआनवरून मुदव्वराकडे, इथून पूर्वेला जात होता.

मग ‘लॉरेन्स’मधली खरी दृश्यं कुठली? रम गावातून दक्षिणेला निघाल्यावर पश्चिमेला जबल रम आणि पूर्वेला जबल उम्म इश्रीन, यांच्यामधल्या रुंद पट्ट्यात. उंटांची रांग मुंगीएवढी आणि मागे भिंतीसारखा कडा, हे चित्र तिथेच दिसतं. चालकाला गाडी त्या पट्ट्याच्या मधोमध थांबवायला सांगा, इंजिन बंद करायला सांगा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. नेहमीच्या सफरीत हा थांबा नसतो, कारण तिथे चढायला, विकायला, चहा प्यायला काही नाही.

मंगळाच्या चित्रपटांचं गणित वेगळं आहे. ‘रेड प्लॅनेट’ (2000) आणि ‘द लास्ट डेज ऑन मार्स’ (2013) इथेच झाले. दिग्दर्शक रिडली स्कॉटनी ‘प्रोमिथियस’साठी इथली निसर्गदृश्यं वापरली आणि 2015 मध्ये ‘द मार्शियन’ घेऊन ते परत आले. त्यातली दूरवरची दृश्यं, रोव्हरचा प्रवास, क्षितिजावरचे सुळके इथले. मॅट डेमनच्या तळाभोवतीचं बरंचसं काम मात्र बुडापेस्टजवळच्या कोर्डा स्टुडिओत लाल माती पसरून आणि मागे हिरवा पडदा लावून केलेलं. शिवाय पडद्यावर आकाश पिवळट-तांबूस दिसतं ते रंगसंस्करणानं. प्रत्यक्षात वर कडक निळं आकाश असतं आणि पहिल्यांदा बघणाऱ्याचा हमखास हिरमोड होतो तो यामुळेच.

यावर उपाय आहे. फोनचा ऑटो रंगसमतोल वाळूचा लाल रंग ‘दुरुस्त’ करून फिका करतो. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स 6000 ते 6500 केल्विनवर अडकवा. रुंद भिंग वापरू नका, त्यात 1700 मीटर उंचीचा डोंगर टेकाडासारखा दिसतो. दुप्पट किंवा तिप्पट झूमवर जा, माणसाला शंभर-दीडशे पावलं पुढे पाठवा आणि चौकटीत आकाश कमीत कमी ठेवा. एवढ्यानं निम्मा मंगळ तयार होतो. उरलेला निम्मा उजेडाचा, त्याबद्दल पुढे.

‘ड्यून’ (2021) बघून येणाऱ्यांनी अपेक्षा नीट वाटून घ्याव्यात. त्यातले खडक, कपारी, सावलीतल्या वाटा इथल्या. पण नजर संपत नाही असे वाळूचे अथांग डोंगर अबू धाबीतल्या लिवाचे. वादी रमची ‘लाल टेकडी’ म्हणजे कड्याला टेकून साचलेला वाळूचा उतार आहे. चढायला दहा मिनिटं लागतात आणि चढाई सार्थकी लागते, पण ती अराकिस, म्हणजे ‘ड्यून’मधला वाळूचा ग्रह, नव्हे. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘रोग वन’मधला जेडा आणि ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मधला पसाना या जागाही इथल्याच. 2019 च्या ‘अलादीन’चं वाळवंट इथलं असलं तरी अग्रबा शहर इंग्लंडमध्ये बांधलं होतं.

मला स्वतःला वाटतं, इथे येण्याआधी एकच चित्रपट बघायला वेळ असेल तर तो ‘थीब’ (2014) असावा. नाजी अबू नुवार यांचा, 1916 च्या काळात घडणारा, बेदुइन मुलाच्या नजरेतला. भूमिका बहुतेक याच भागातल्या, पूर्वी कधी अभिनय न केलेल्या बेदुइनांनी केल्या आणि जॉर्डनला ऑस्करचं पहिलं नामांकन त्यानं मिळवून दिलं. त्यात ही दरी परग्रह नाही, लोकांचं घर आहे. विहीर कुठे, लपायची घळ कुठे, आवाज कुठून येतो हे कळायला लागतं. चालकाशी बोलताना ‘थीब’चं नाव काढा, ‘मार्शियन’पेक्षा कितीतरी जास्त बोलणं निघतं. दुसरा म्हणजे ब्लेसी यांचा मल्याळम ‘आडुजीवितम’ (2024). 2020 च्या टाळेबंदीत नायक पृथ्वीराजसह 58 जणांचं युनिट इथेच अडकलं होतं आणि मे महिन्यात परत आलं. त्यातली कथा सौदीत घडते, वाळवंटाचा मोठा भाग मात्र इथला आहे.

आता वेळ. सगळी सफर यावर ठरते. सकाळी दहा ते दुपारी तीन उजेड डोक्यावरून पडतो, कड्यांचे खाचखळगे सपाट दिसतात आणि वाळू पांढुरकी पडते. नेमकी याच वेळेची चार तासांची सफर सर्वांत जास्त विकली जाते, कारण पेट्राहून सकाळी निघालेले लोक याच वेळी पोचतात. सूर्यास्त डिसेंबरमध्ये साडेपाच-पावणेसहाला आणि जूनमध्ये पावणेआठच्या सुमाराला होतो, पण पश्चिमेच्या डोंगरांमुळे दरीतला उजेड त्याआधीच जातो. म्हणून शेवटचा थांबा पूर्वेकडे, पश्चिमेला मोकळं असलेल्या उंचवट्यावर मागा. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. दरीचा तळच समुद्रसपाटीपासून 900-1000 मीटरवर आहे, त्यामुळे हिवाळ्यात रात्री पारा शून्याजवळ जातो. जाड जॅकेट आणि कानटोपी हवीच. पावसाचा अंदाज असेल तर अरुंद घळींत उतरू नका, दूरवर पडलेला पाऊसही लोंढा घेऊन येतो.

गाड्या म्हणजे बहुधा जुन्या टोयोटा पिकअप: मागे समोरासमोर दोन बाकं, वर ताडपत्री, सीटबेल्ट नाहीत. कंबरदुखी असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी बंद गाडी आधीच मागावी. ती मिळते, थोडी महाग पडते. टायर सपाट वाटले तर घाबरू नका, मऊ वाळूत रुतू नये म्हणून मुद्दाम हवा कमी केलेली असते. डोळ्यांत वाळू जाते ती गाडीच्या मागच्या टोकाला बसणाऱ्यांच्या. चष्मा लावा, तोंडाला कापड बांधा.

थांब्यांपैकी खझाली घळ (आत थमूदी, म्हणजे प्राचीन अरबी लिपीतलं, कोरीवकाम आहे) सकाळी लवकर गाठा, नंतर आत माणसांचीच रांग लागते. उम्म फ्रूथची कमान सुमारे 15 मीटर उंच. चढ छोटा पण गुळगुळीत, आणि अडचण येते ती उतरताना. चांगल्या पकडीचे बूट नसतील तर खालूनच बघा. बुर्दाची कमान जवळपास 35 मीटरची आहे, जाऊन-येऊन दोन-तीन तास लागतात, एका ठिकाणी खडकावर हातापायांनी चढावं लागतं; वाटाड्याशिवाय नकोच. पूर्ण दिवसाच्या सफरीतच ती बसते.

मुक्कामाला दोन प्रकार. ‘मार्शियन डोम’ म्हणून जाहिरात होते ते पारदर्शक घुमट दिसायला भारी, पण बरेचसे उत्तरेला दीसी गावाच्या बाजूला, फिकट वाळूत आहेत. लाल भाग तिथून लांब पडतो. दिवसा ते तापतात, थंडीत पहाटे आतून दव धरतं आणि छावणीच्या दिव्यांमुळे तारे कमी दिसतात. माझं मत रम गावाच्या दक्षिणेकडच्या साध्या, बकरीच्या केसांच्या तंबूंच्या छावणीला. जेवणात ‘झर्ब’ असतं: वाळूत पुरलेल्या भट्टीत मजल्यांच्या जाळीवर मांस, भाज्या आणि भात तासन्‌तास शिजतात. शाकाहारींनी इथे लक्ष द्यावं, कारण वरच्या मजल्यावरच्या मांसाचा रस खालच्या भाज्यांवर गळतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. भाजी वेगळी शिजवायला आदल्या दिवशी सांगा. हुमूस, मसुराचं सूप, रोटी आणि कोशिंबीर बहुतेक असतंच. जैन जेवण गृहीत धरू नका, सोबत खाकरे-चिवडा ठेवा.

पैशांचं. प्रवेश माणशी 5 दिनार. ‘जॉर्डन पास’मध्ये तो धरलेला असतो, पास 70, 75 किंवा 80 दिनारचा (पेट्राच्या एक, दोन, तीन दिवसांनुसार) आणि देशात किमान 3 रात्री राहणार असाल तर 40 दिनारचं व्हिसाशुल्क माफ. मात्र तो देशात उतरण्याआधीच विकत घ्यावा लागतो. भाड्याची साधी गाडी रम गावापर्यंतच न्या. पुढची वाळू तिच्यासाठी नाही. रोख रक्कम अकाबातूनच काढून आणा, गावात एटीएमचा भरवसा धरू नका.

बुकिंग करताना व्हॉट्सॲपवर एवढं लेखी घ्या: दर गाडीचा की माणशी, निघायची वेळ आणि शेवटचा थांबा सूर्यास्ताचा आहे का, मार्ग गावाच्या दक्षिणेचा लाल भाग की दीसीची बाजू, गाडी उघडी की बंद, दुपारचं जेवण आणि पाणी धरलंय का, चालकानं एखाद्या चित्रीकरणात काम केलंय का, आणि इंग्रजी कितपत येतं. चित्रीकरणाच्या प्रश्नाला नाव-गाव सांगून उत्तर देणारा चालक मिळाला, तर पाच-दहा दिनार जास्त पडले तरी त्यालाच ठरवा.