सूची नाही तर पुस्तक अर्धंच: चार नॉनफिक्शन पुस्तकं, काही महिन्यांच्या वापरानंतर

अर्थशास्त्रावरच्या एका गाजलेल्या पुस्तकाचा मराठी अनुवाद मागवला. शेवटच्या प्रकरणानंतर पान उलटलं तर थेट प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात. टीपा नाहीत, संदर्भ नाहीत, सूची (नावं-विषय आणि त्यांच्या पान क्रमांकांची शेवटची यादी) नाही. मूळ इंग्रजीत हे सगळं आहे. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं की छपाईत दोष नाही, परत घेता येणार नाही. माझ्या मते हा दोषच आहे आणि पान फाटलेलं असण्यापेक्षा मोठा आहे. मूळ पुस्तकातला मजकूर गाळला असेल तर मुखपृष्ठावर तसं छापायला हवं. गिऱ्हाईक पूर्ण पुस्तकाचे पैसे मोजतं.

इतिहास-अर्थकारणाची पुस्तकं खरी वापरात येतात ती वाचून झाल्यावर. पेपरातली बातमी पडताळायची असते, व्याख्यान तयार करायचं असतं, कुणी ठोकून दिलेला आकडा तपासायचा असतो. तेव्हा पाचशे पानांत नेमकं पान सापडलं पाहिजे. ई-बुकमध्ये शोधता येतं हे खरं, पण तिथे टाइप केलेला शब्दच सापडतो. सूची करणारा माणूस एकाच व्यक्तीची दोन नावं एका जागी आणतो आणि शब्द न वापरता जिथे विषय आलाय ती पानंही देतो.

विल्यम डॅलरिंपल यांचं 'द गोल्डन रोड' (२०२४) आधी. भारतातून बौद्ध धर्म, संस्कृत आणि अंक जगभर कसे गेले याची ही कथा. वाचायला अतिशय रसाळ, आणि अंक बगदादमार्गे युरोपात पोचतात तो भाग तर पुन्हा पुन्हा काढून वाचावा असा. पहिल्या वाचनानंतर मी हे पुस्तक डोळे झाकून सुचवत होतो. आता सुचवताना एक अट घालतो: आकडा दिसला की त्याची टीप उघडून बघा. भारताशी होणाऱ्या व्यापारावरच्या जकातीतून रोमला महसुलाचा एक-तृतीयांशापर्यंत वाटा मिळत असावा, हा अंदाज त्यात येतो आणि लोक तो 'असावा' गाळून पुढे सांगतात. त्याचा मुख्य आधार मुझिरिस या केरळातल्या प्राचीन बंदराच्या नावाने ओळखला जाणारा 'मुझिरिस पपायरस' आहे, म्हणजे 'हर्मापोलोन' नावाच्या एकाच जहाजाच्या मालाचा हिशेब. आयातीवर जकात होती २५ टक्के. एका जहाजाच्या मालाला वर्षभरातल्या जहाजांच्या संख्येने गुणायचं आणि त्यावर जकात लावायची, असा हा मार्ग. इजिप्तच्या मायोस हॉर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे जातात असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो, पण ती सगळी हर्मापोलोनएवढी भरलेली होती का? हे गृहीत जरा हललं की तृतीयांशही हलतो. पुस्तक घ्याच, पण टीपांसकट वापरा.

प्राचीन व्यापारावरचं कुठलंही पुस्तक विकत घेण्याआधी नाशिककराला दुकानातच दोन मिनिटांत करता येईल अशी एक चाचणी आहे. सूचीत 'नहपान' हा क्षत्रप राजा शोधा. मग 'उषवदात' बघा. काही लेखक त्याला ऋषभदत्त म्हणतात, म्हणून इंग्रजी सूचीत यू आणि आर दोन्ही अक्षरं बघावी लागतात. नहपानाच्या या जावयाचा शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात आहे आणि तो चोख आर्थिक दस्तऐवज आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ दराने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४० होतं. लेखात २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण सांगितलेत. २० गुणिले १२, बरोबर २४०. हा व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) ऐकवून नोंदवल्याचाही उल्लेख आहे. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी) असं येतं, म्हणजे ३५ ला एक हा विनिमय दरही मिळतो.

लेखक एवढ्यावर नुसतं 'क्षत्रपांनी लेण्यांना दान दिलं' लिहून पुढे गेला असेल, तर आर्थिक इतिहास म्हणून त्या पुस्तकाला मी पैसे देणार नाही. व्याजदर, श्रेणी आणि नोंदणी या तिन्हींचा विचार केलेला दिसला तर बाकीच्या पानांवरही भरवसा ठेवता येतो. जमल्यास 'जोगळटेंभी'ही शोधा. सिन्नर तालुक्यातल्या या गावी १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या ९ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला होता.

दुसरं पुस्तक रुक्मिणी एस. यांचं 'होल नंबर्स अँड हाफ ट्रुथ्स' (२०२१). भारताबद्दलचे आकडे कसे तयार होतात आणि कुठे फसवतात हा विषय. याच्याबद्दल माझं मत पूर्ण फिरलं. सुरुवातीला वाटलं, हे आता जुनं झालं. मासिक दरडोई खर्चाचे हाताशी असलेले अधिकृत आकडे तेव्हा २०११-१२ चे होते (ग्रामीण १,४३० रुपये, शहरी २,६३०), कारण २०१७-१८ च्या पाहणीचा अहवाल सरकारने प्रसिद्धच केला नाही. आज तुमच्या प्रतीत पेन्सिलीने भर घाला: २०२२-२३ ला ग्रामीण ३,७७३, शहरी ६,४५९, २०२३-२४ ला ४,१२२ आणि ६,९९६. शेजारी दोन सूचना लिहा. हे चालू किमतींचे आकडे आहेत, महागाई वजा केलेली नाही. आणि नव्या पाहणीत एका भेटीऐवजी तीन भेटींत प्रश्न विचारले, त्यामुळे जुन्या-नव्याची सरळ वजाबाकी करू नये. पण अशी सूचना लिहायची बुद्धी हेच पुस्तक देतं, म्हणून माझ्याकडे सगळ्यात जास्त तेच उघडलं जातं. दिल्लीतल्या न्यायालयांचे बलात्काराच्या खटल्यांतले निकाल एकेक वाचून केलेला भाग चुकवू नका. पळून गेलेल्या जोडप्यातल्या मुलीच्या आईवडिलांनी केलेल्या तक्रारी त्या आकड्यात किती मोठ्या प्रमाणात मिसळलेल्या आहेत हे कळलं की गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी आपण वेगळ्या नजरेने वाचतो.

मनू पिल्लई यांचं 'गॉड्स, गन्स अँड मिशनरीज' (२०२४) संस्कृती-इतिहासात पहिल्या पसंतीचं. मिशनऱ्यांपासून फुले-टिळकांपर्यंत हिंदू ओळख कशी घडत गेली ते त्यात आहे. टीपा इतक्या आणि इतक्या लांब की ते जवळपास दुसरं पुस्तकच. दोन खुणा ठेवून वाचा, एक मजकुरात, एक टीपांत. असल्या पुस्तकांत टीपांचे क्रमांक प्रत्येक प्रकरणाला १ पासून सुरू होतात, म्हणून खुणेच्या पट्टीवर प्रकरणाचा क्रमांक लिहून ठेवा, नाहीतर चुकीच्या प्रकरणाची १७ वी टीप वाचली जाते. ऑडिओ आवृत्ती या पुस्तकासाठी घेऊ नये.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचं 'गुड इकॉनॉमिक्स फॉर हार्ड टाइम्स' (२०१९) बहुतेकांनी वाचलंय. १९९१ नंतर आयातशुल्क उतरल्यावर ज्या जिल्ह्यांना परदेशी स्पर्धेचा जास्त फटका बसला तिथे गरिबी तुलनेने कमी वेगाने घटली, हे पेटिया टोपालोव्हा यांचं संशोधन त्यात सोप्या भाषेत आहे. निर्यातबंदी-आयातीवर वाद घालणाऱ्या लासलगाव पट्ट्यातल्या वाचकाने तेवढं प्रकरण तरी वाचावं. विकत नको, वाचनालयातून पुरे.

सूची नसलेलं पुस्तक गळ्यात पडलंच तर स्वतः करा. शेवटच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखा: व्यक्ती-गावं, आकडे, वाद. वाचतानाच पान क्रमांक टाका, नंतर करू म्हटलं की होत नाही. पेन्सिल एचबी, पातळ कागदावर पेनची शाई मागे उमटते. नोंद 'व्याज' अशी न करता 'व्याज, श्रेणी, दरमहा १ टक्का' अशी करा, नाहीतर एका शब्दापुढे तीस पानं जमतात आणि शोधणं पुन्हा सुरू. कुठली आवृत्ती ते वर लिहा, कारण हार्डबॅक आणि पेपरबॅकची पानं जुळतीलच असं नाही. मराठी प्रकाशकांना हे जमत नाही असं कुणी सांगू नये. केतकरांच्या ज्ञानकोशाला शंभर वर्षांपूर्वी स्वतंत्र सूचिखंड होता, तोही संगणकाशिवाय. कागद वाचवायचा असेल तर सूची आणि टीपा पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवा आणि पुस्तकात तसा क्यूआर कोड छापा.

बांधणीबद्दल थोडक्यात. जाड पेपरबॅक नुसत्या गोंदावर असतात. हा गोंद जुना झाला की कडक होतो आणि पुस्तक पूर्ण पसरलं की पाठ मधोमध तडकते. उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. एखादं पान सुटलं तर आतल्या कडेला दोन मिलिमीटर फेविकॉल लावा, दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. गठ्ठाच सुटला तर बाइंडरकडून कडेने टाके घालून घ्या. आतला समास साधारण एक सेंटीमीटर जातो आणि पुस्तक सपाट उघडत नाही, पण पानं हरवत नाहीत. हार्डबॅक घेताना पाठीच्या वरच्या टोकाकडे बघा. दुमडलेल्या कागदांचे जुज वेगवेगळे दिसले आणि जुजाच्या मध्यावर दोरा दिसला तरच जुजबंदी. तसं नसेल तर पुठ्ठ्याचे जास्तीचे पैसे देऊ नका, पेपरबॅक येईपर्यंत थांबा.