बारा हजारांत वर्षभराचे कार्यक्रम: छोट्या वाचनालयानं काय निवडावं?

मार्च संपत आला की वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात तोच विषय निघतो. एक जण म्हणतो, मोठा वक्ता आणू, गावात नाव होईल. दुसरा म्हणतो, मुलांसाठी काहीतरी करू. खजिनदार वही उघडून सांगतात, सगळं मिळून बारा हजार निघतील. ही बैठक तुमच्याकडेही व्हायची असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

आधी पैशांचं वास्तव पाहू. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं. सगळ्यात छोट्या ‘ड’ वर्गाला २०१२ पासून दहा वर्षं वर्षाला ३० हजार मिळत होते. २०२२ च्या ६० टक्के वाढीनंतर ते ४८ हजार झाले. त्यात ग्रंथपालाचं वेतन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल. शिवाय ही रक्कम हप्त्यांनी येते. म्हणून जून-जुलैचा कार्यक्रम अनुदानावर ठरवू नका. वर्गणी आणि देणगीतून जे हाताशी आहे, तेवढंच धरा.

मी कार्यक्रम एकाच कसोटीवर तोलते: पुढच्या पंधरा दिवसांत देवघेवीच्या वहीत नवी नावं आली का? आमच्याकडे एका वर्षी नामवंत वक्ते आले, सभागृह भरलं, लोक दारात उभे राहिले. पंधरा दिवसांनी मी वही उघडली, तर नेहमीचीच अकरा नावं. त्या दिवसापासून मी गर्दी मोजणं सोडलं.

खालचे दर अंदाजाचे आहेत, तुमच्या गावात थोडे पुढेमागे होतील.

मोठं व्याख्यान आणि गोष्टींचा तास

खरी निवड बहुतेक या दोघांतच असते. बाहेरगावच्या एका वक्त्याचा हिशेब असा: मानधन ३,०००, प्रवास २,५००, माईक आणि खुर्च्या २,०००, पत्रिका व फलक १,०००, शाल-श्रीफळ आणि चहा १,०००. झाले ९,५००. श्रोते १२० आले, तर माणशी ८० रुपयांच्या आसपास, तेही एका संध्याकाळसाठी.

गोष्टींचा तास म्हणजे दर शनिवारी मुलांना गोष्ट सांगणं. त्यासाठी एकदाच ५० छोटी चित्रपुस्तकं घ्या. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची मराठी पुस्तकं स्वस्त असतात. सरासरी ६० रुपये धरले तर ३,०००. कव्हरं, चिकटपट्टी, कागद, खडू यांना १,०००. वर्षाअखेरीच्या छोट्या मेळाव्याला १,०००. एकूण ५,०००. सुट्ट्या आणि परीक्षा वगळून ३६ शनिवार मिळाले आणि दर वेळी २० मुलं आली, तर ७२० हजेऱ्या होतात, म्हणजे एका मुलामागे एका वेळेस सात रुपये. पुस्तकं तर पुढच्या वर्षीही कपाटातच असतात.

पण हा स्वस्ताईचा मुद्दा दुय्यम आहे. मूल गोष्ट ऐकून उठतं तेव्हा ते पुस्तक त्याला हातात हवं असतं. सांगणाऱ्यानं गोष्ट वळणावर थांबवली आणि ‘पुढचं यात आहे’ म्हणून पुस्तक सतरंजीवर ठेवलं, की दोन-तीन हात एकदम पुढे येतात. ते पुस्तक त्याच क्षणी घरी जाऊ द्या. बालसभासदाची अनामत, पालकाची सही, हे पुढच्या शनिवारी करता येतं. आणि मुलाला न्यायला आलेली आई दारात पाच मिनिटं थांबते, तिथेच तिला एखादा अंक दिसतो. आमच्याकडे कितीतरी बायका अशाच सभासद झाल्या.

हा तास बंद कशानं पडतो? पैसे कमी पडून पडताना मी पाहिलेला नाही. सांगणारं माणूस एकटं असलं की तो पडतो. पहिले दोन महिने उत्साह असतो, मग घरात लग्न निघतं, कुणी आजारी पडतं आणि मुलं बंद दारावरून परत जातात. दोन शनिवार असं झालं की ती येतच नाहीत. म्हणून चार माणसं हाताशी असल्याशिवाय सुरू करू नका. निवृत्त शिक्षिका, गोष्टी रंगवणारी एखादी आजी, कॉलेजात नाटकात काम करणारा मुलगा, अशी माणसं प्रत्येक गावात असतात. महिन्यातून प्रत्येकाला एक शनिवार. पुस्तकं कमी पडली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापून वापरता येतात. एक कळकळीची विनंती: गोष्टीनंतर मुलांना सारांश लिहायला लावू नका, प्रश्न विचारू नका. ती शाळेतून नुकतीच सुटलेली असतात.

मग व्याख्यान घ्यायचंच नाही का? पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली आणि व्याख्यान ऐकायला जाणं हा आपल्याकडे पिढ्यांचा संस्कार झाला. त्याची मला कदर आहे. इमारतीसाठी निधी उभा करायचा असेल, वाचनालय गावाच्या विस्मरणात गेलं असेल, तर एका मोठ्या संध्याकाळीचा उपयोग होतो, कारण देणगीदार त्याच संध्याकाळी समोर बसलेले असतात. बाकी वेळी वीस किलोमीटरच्या आतला वक्ता शोधा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर, माती परीक्षण समजावणारा कृषी खात्याचा माणूस, स्पर्धा परीक्षा पास झालेली गावातलीच मुलगी. हे लोक मानधन मागत नाहीत आणि त्यांना नेमकं त्या गावचं बोलायचं असतं. खुर्च्यांच्या वाटेवरच त्या विषयाची वीस पुस्तकं टेबलावर मांडा आणि देवघेवीची वही शेजारी ठेवा. हे सगळं १,५०० ते १,७०० रुपयांत होतं.

वाचककट्टा आणि ग्रंथपेटी

ज्यांना वाचायची सवय आहे, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदाचा कट्टा. दहा-पंधरा माणसं, चहा १५० रुपये. प्रत्येकानं वाचलेल्या पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचं आणि ते पुस्तक सोबत आणायचं. सोबत आणलेलं पुस्तक कुणीतरी मागून नेतंच. कधी अभिवाचन ठेवलं तर झेरॉक्स काढण्याआधी हक्कांचा विचार करा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन आता मोकळं आहे. कट्ट्याचा कल हळूहळू स्वतःच्या कविता वाचण्याकडे जातो. त्यासाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा, म्हणजे कुणी दुखावत नाही आणि पुस्तकंही बाजूला पडत नाहीत.

कट्ट्यानं नवे वाचक फारसे मिळत नाहीत. ते पेटीनं मिळतात. पत्र्याची एक ट्रंक, त्यात २५ पुस्तकं, आणि ती वाडीवरच्या बचत गटात ठेवायची. दोन महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’नं ही कल्पना परदेशातल्या मराठी घरांपर्यंत नेली आहे, आपल्याला तीन किलोमीटरवरची वाडी गाठायची आहे. दिवसभर रानात काम करणारी बाई संध्याकाळी सहाला आपल्या वाचनालयात येऊ शकत नाही, तेव्हा दार तिच्या बाजूला न्यावं लागतं. दोन पेट्यांना २,५०० पुरतात, पुस्तकं आपलीच. पंचविसातली दोन-तीन हरवतील, हे मंडळाच्या इतिवृत्तात आधीच लिहून घ्या, म्हणजे ग्रंथपालावर ठपका येत नाही.

दिवाळी अंक

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही सवय अजून टिकून आहे. छोट्या वाचनालयाला पैसे परत देणारा हा एकच उपक्रम मला माहीत आहे. ४० अंक सरासरी ३५० रुपयांनी १४,००० होतात, संच घेतला तर वितरक सवलत देतात. ५० जणांकडून तीन महिन्यांचे २५० घेतले की १२,५०० जमतात. अडचण फक्त ऑक्टोबरमध्ये रक्कम हाती असण्याची. त्यासाठी सप्टेंबरमध्येच आगाऊ नावनोंदणी करा. तीस नावं झाली नाहीत तर कमी अंक घ्या.

निबंध आणि वक्तृत्व स्पर्धांना मी खर्चात जागा देत नाही. बक्षिसं दर वर्षी त्याच चार मुलांना जातात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळेची मुलं येतातच. त्या दिवशी प्रमाणपत्रं वाटण्याऐवजी सभासदपत्रं भरून घ्या. अभ्यासिका गरजेची आहे, पण तिचा खर्च वीज आणि खुर्च्यांचा आहे, तो कार्यक्रमांच्या पैशांतून काढू नका.

माझ्या हातात १२,००० असते तर मी गोष्टींच्या तासाला ५,०००, दोन पेट्यांना २,५००, कट्ट्याच्या वर्षभराच्या चहाला १,८००, गावाजवळच्या वक्त्याच्या एका संध्याकाळीला १,७०० दिले असते आणि १,००० बाजूला ठेवले असते. ग्रंथपाल एकटे असतील आणि मदतीला कुणीच नसेल, तर गोष्टींचा तास या वर्षी राहू द्या. पेट्या आणि दिवाळी अंक एवढंच नीट करा. चार माणसं मिळाली असतील, तर जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिला शनिवार सोडा. त्या दिवशी मुलं नव्या वह्यांत गुंतलेली असतात. दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला सतरंजी टाका, आणि बालविभागाच्या कपाटाला त्या दिवशी कुलूप नसेल याची आधी खात्री करा.