मराठी सिनेमा कधी लावायचा: मे, जूनअखेर की जानेवारी?

सेन्सॉरचं सर्टिफिकेट हातात पडलं की मराठी निर्मात्याला बहुधा एकच तारीख सुचते: १ मे, नाहीतर तिच्या आगेमागचा शुक्रवार. शाळांना सुट्टी, महाराष्ट्र दिनाची हक्काची रजा, थिएटरात एसी आणि डोक्यात ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६ला लागलेल्या त्या सिनेमाने मराठीत पहिल्यांदा शंभर कोटींचा टप्पा गाठला आणि तेव्हापासून मे महिना मराठीला लाभतो ही समजूत पक्की बसली.

आता मोठी कमाई केलेल्या बाकीच्या सिनेमांच्या तारखा काढून बघा. ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६, ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२, ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४. ‘दुनियादारी’ १९ जुलै २०१३, ‘लय भारी’ ११ जुलै २०१४, ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३. ‘पावनखिंड’ फेब्रुवारीतला, शिवजयंतीच्या तोंडावरचा. ऐन उन्हाळ्यातला या पंगतीत बसणारा ‘सैराट’, आणि जरा खाली उतरलात तर ‘टाइमपास २’ (१ मे २०१५) आणि ‘धर्मवीर’ (१३ मे २०२२). म्हणजे सगळ्यात मोठा आकडा उन्हाळ्याचा, पण मोठे आकडे जास्त वेळा दुसऱ्याच महिन्यांचे. पहिल्यांदा पैसे घालणाऱ्याने तारीख ठरवताना एवढं तरी समोर ठेवावं.

आधी पैसा कुठे जातो ते

१५० रुपयांचं तिकीट घ्या. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे त्यातले जवळपास २३ रुपये सरकारचे. उरलेले १२७ म्हणजे नेट. २००९ला हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात झालेल्या समझोत्यात हिंदी सिनेमासाठी वितरकाचा वाटा ठरला तो असा: मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. मराठीचे करार सिनेमागणिक बदलतात, पण भाजणी उतरतीच असते. या हिशेबाने तेच तिकीट पहिल्या आठवड्यात विकलं गेलं तर आपल्या बाजूला ६३ रुपये येतात, चौथ्यात ३८. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे आणि पब्लिसिटीचा खर्च वजा. इंटरव्हलला मे महिन्याच्या उकाड्यात खपलेल्या थंड पेयांचा एक रुपयाही निर्मात्याकडे येत नाही. उन्हाळा सगळ्यात जास्त मानवतो तो कँटीनवाल्याला!

म्हणून ‘वीस कोटींची कमाई’ असं पोस्टर पडलं की ते ग्रॉस (म्हणजे कर धरून) आहे की नेट, हे आधी विचारायचं. ग्रॉस असेल आणि बहुतेक तिकिटं शंभरावरची असतील तर नेट सतराच्या आत. सरासरी ४५ टक्के शेअर धरला तर हातात साडेसात कोटींच्या आसपास, तोही खर्च वजा जाण्याआधी.

गंमत म्हणजे ही टक्केवारी ज्या भांडणातून ठरली ते ऐन उन्हाळ्यातलं. एप्रिल ते जून २००९ हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे सिनेमे दिलेच नाहीत. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती आणि आयपीएल दक्षिण आफ्रिकेत खेळवली जात होती, तरी रात्री घराघरात टीव्हीवर होतीच. दुकान बंद ठेवायचंच तर कमी नुकसानीचा हंगाम बघून ठेवावं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

मे महिना: काय मिळतं, काय जातं

मिळतो तो मधला आठवडा. एरवी सोमवार ते गुरुवार दुपारचे शो ओस असतात. मेमध्ये पोरं घरी, मामाकडे आलेली भाचरं घरी, आणि दुपारी दोनच्या उन्हात जायला एसी थिएटरसारखी जागा नाही. रविवारनंतरची घसरण कमी असते आणि ती पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपला वाटा सगळ्यात जास्त असताना, कमी असते. हा उन्हाळ्याचा खरा फायदा. तालुक्याच्या गावी तो आणखी ठळक दिसतो. ‘सैराट’च्या वेळी सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला मागणी एवढी होती की रात्री बारा आणि पहाटे तीनचेही शो लावावे लागले. शाळा-कॉलेजं चालू असती तर पहाटे तीनला कोण येतंय?

पण जातं तेही बरंच. रात्रीचे साडेसात म्हणजे आयपीएलची मॅच, आणि सहा-नऊचा शो नेमका त्याच वेळेत. लग्नसराई असते, त्यात शनिवार-रविवारचे मुहूर्त. शिवाय मुंबई-ठाण्याचा मोठा मराठी प्रेक्षक मेमध्ये गावी गेलेला असतो. चाकरमानी कोकणात आंबे-फणस खातोय आणि तिकडे थिएटरं मोजकीच. दादर, ठाणे, डोंबिवलीवर सगळी भिस्त असलेल्या सिनेमाने हा फटका हिशेबात धरलाच पाहिजे. परीक्षांचंही तसंच: अलीकडे राज्यातल्या शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलअखेरपर्यंत लांबल्यात, त्यामुळे लहान मुलांच्या सिनेमासाठी एप्रिलचा मधला शुक्रवार आता बिनकामाचा.

आणि सगळ्यात जड पारडं म्हणजे स्पर्धा. २०२२चा उन्हाळा आठवा. १४ एप्रिलला ‘केजीएफ २’, २९ला ‘हिरोपंती २’ आणि ‘रनवे ३४’, ६ मेला ‘डॉक्टर स्ट्रेंज’, २०ला ‘भूलभुलैया २’. याच फटींतून ‘शेर शिवराज’, ‘चंद्रमुखी’, ‘धर्मवीर’ आणि ‘सरसेनापती हंबीरराव’ बाहेर पडले. दर आठवड्याला कोणीतरी नवा दांडगा दाराशी उभा.

हे शोच्या तक्त्यात कसं दिसतं ते सांगतो. समजा चार स्क्रीनचं मल्टिप्लेक्स आहे, दिवसाला वीसेक शो. पहिल्या आठवड्यात तुमच्या सिनेमाला चार मिळाले: सकाळी दहा, दुपारी एक, चार आणि रात्री साडेदहा. शनिवार-रविवार तीन शो भरले. सोमवारी बुकर, म्हणजे कोणत्या सिनेमाला किती शो ते ठरवणारा माणूस, डीसीआर (रोजच्या कमाईचा तक्ता) उघडतो, शोवार किती टक्के भरलं ते बघतो आणि पुढच्या शुक्रवारची जुळवाजुळव सुरू करतो. नव्या हिंदीने दहा शो मागितलेत. दोन-तीन दिवसांत तुमचा एकचा आणि चारचा गेला. उरले दोन, तेही सरकवून सकाळी साडेनऊ आणि रात्री अकराला. बायका-पोरांना घेऊन येणाऱ्या माणसाला या दोन्ही वेळा निरुपयोगी. मग दुसऱ्या सोमवारचा डीसीआर आणखी पडतो आणि त्याचाच दाखला देऊन उरलेले शोही उतरतात. सिनेमा बरा होता, लोकांना आवडला होता, पण चालायला जागाच नव्हती. मल्टिप्लेक्सने प्राइम टाइममध्ये मराठी दाखवावं असं राज्य सरकारने २०१५ साली जाहीर केलं आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ अशी व्याख्या केली. त्यात दुपारी बाराचा शोही बसतो, त्यामुळे कागदावर सगळं नियमात आणि संध्याकाळ हिंदीकडे!

‘टीडीएम’ने हे सगळ्यांसमोर भोगलं. २८ एप्रिल २०२३ला लागला तेव्हा त्याच दिवशी ‘महाराष्ट्र शाहीर’ होता आणि ‘पोन्नियिन सेल्वन २’ही. शो मिळेनात म्हणून सिनेमा थांबवला आणि जूनमध्ये पुन्हा लावला. पब्लिसिटीचा पैसा दोनदा.

१ मेवर तर आता आपलीच आपल्याशी झुंज असते. २०२४ला ‘नाच गं घुमा’ आणि ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ एकाच दिवशी, २०२५ला ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय!’ एकाच दिवशी, वर ‘रेड २’. त्यातून २०२५चा मे म्हणजे आधी सीमेवरचा तणाव, आयपीएल आठवडाभर बंद, मग ती जूनपर्यंत लांबली, आणि २६ मेलाच मुंबईत मान्सून हजर. असलं काही निर्मात्याच्या हातात नसतं, पण कर्जाचं व्याज चालूच राहतं.

हिंदीचं मैदान रिकामं असलं की आपलं फावतं, असंही सरसकट नाही. २०२४च्या उन्हाळ्यात निवडणूक होती आणि मोठे हिंदी सिनेमे तुरळक. तो मोकळेपणा ‘नाच गं घुमा’च्या पथ्यावर पडला. पण तेलंगणात त्याच मे महिन्यात सिंगल स्क्रीनवाल्यांनी दहा दिवस थिएटरं बंद ठेवली, कारण दाखवायला सिनेमेच नव्हते. थिएटरला जायची लोकांची सवय मोडली की बिचारा छोटा सिनेमा एकटा ती परत लावू शकत नाही.

जूनअखेर-जुलै

कागदावर हा हंगाम वाईट दिसतो. शाळा सुरू, वह्या-पुस्तकांत पैसा गेलेला, शेतकरी पेरणीत, मुंबईत लोकल कधी थांबेल सांगता येत नाही. ग्रामीण सिनेमाला तर मी इथे लावू नका असंच सांगेन. पण शहरी, घरगुती, बायकांनी बायकांना घेऊन बघायच्या सिनेमाला याच्यासारखा काळ नाही. पोरं शाळेत गेली की दुपारचा बाराचा शो त्यांचा असतो. ‘बाईपण भारी देवा’ची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्याच्या दुपटीजवळ गेली, मैत्रिणींचे, भिशीचे, सोसायटीचे गट करून बायका गेल्या. हा सिनेमा १ मेला लागता तर त्याच बायका घरी पाहुण्यांच्या पोळ्या लाटत असत्या, आणि त्या दुसऱ्या आठवड्याला पुरतील एवढे शोही मिळाले नसते.

इथे मला मराठीची खरी मेख दिसते. आपले मोठे सिनेमे ओपनिंगवर मोठे झाले नाहीत, माउथ पब्लिसिटीवर झाले. तिला दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस शो टिकले तर सिनेमा टिकतो. म्हणून महिना कोणता यापेक्षा पुढचा मोठा हिंदी किंवा इंग्रजी सिनेमा किती आठवड्यांवर आहे, ते मोजावं. ‘दुनियादारी’ला ‘चेन्नई एक्सप्रेस’ येईपर्यंत तीन आठवडे मिळाले आणि तोवर तिचे पाय एवढे रोवले गेले की शो काढायला निघाल्यावर मनसे रस्त्यावर उतरायच्या तयारीत होती. ‘लय भारी’ला ‘किक’पर्यंत दोन आठवडे होते.

डिसेंबरअखेर-जानेवारी

याच मापाने हा सगळ्यात मोकळा काळ. नाताळचे हिंदी सिनेमे उतरणीला लागलेले, पुढचा मोठा थेट प्रजासत्ताक दिनाला. ‘वेड’ लागला तेव्हा ‘सर्कस’ आठवड्यातच पडला होता, त्याचे शो रिकामे झाले आणि ‘पठाण’ २५ जानेवारीला. जवळजवळ चार आठवडे. ‘नटसम्राट’ला ‘एअरलिफ्ट’पर्यंत तीन. हवा थंड, गावोगावी जत्रा, आयपीएल नाही. खोट एकच: मधल्या वारी गर्दी पातळ, कारण सुट्ट्या संपलेल्या. आणि दहावी-बारावीचं घर जानेवारीच्या मध्यानंतर थिएटरकडे फिरकत नाही.

दिवाळीबद्दल थोडक्यात: मोठ्या हिंदीच्या तोंडी जायची तयारी आणि पदरी नावाजलेले चेहरे असतील तरच. ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ला ‘प्रेम रतन धन पायो’समोर उभा राहिला आणि पुरून उरला, पण असे अपवाद मोजकेच. गणपतीत लोक मांडवात असतात. पितृपक्षाला मात्र उगाच घाबरतात. ‘दशावतार’ २०२५ला त्याच पंधरवड्यात लागला आणि जोरात चालला.

मग कोणी काय करावं

कॉलेजवयाचा, गाण्यांचा, तालुक्यात चालेल असा सिनेमा असेल आणि पहिल्या तीन दिवसांतच गर्दी खेचणारं गाणं आधीच पोरांच्या मोबाइलवर वाजत असेल, तर मे घ्या. ‘सैराट’ला दुसऱ्याच आठवड्यात ‘सिव्हिल वॉर’ आडवा आला होता आणि काही फरक पडला नाही, कारण गाण्यांनी ओपनिंग आधीच बांधून ठेवलं होतं. लहान मुलांच्या सिनेमालाही मेच. चेहरे ओळखीचे नसतील, पब्लिसिटीला पैसा बेताचा असेल आणि सगळी मदार ‘बघून आलेल्याने दुसऱ्याला सांगण्या’वर असेल, तर मेच्या वाटेला जाऊ नका. बायकांचा असेल तर जूनअखेर, बाकीच्यांनी जानेवारीचा पहिला शुक्रवार.

२०२७ची तारीख बघत असाल तर आणखी एक. त्या वर्षी १ मे शनिवारी येतोय, म्हणजे रजेचा जादा दिवस मिळणारच नाही. तरीही ३० एप्रिलच्या शुक्रवारसाठी दोन-तीन मराठी सिनेमे रांगेत उभे राहतील. मी असतो तर ७ मे मागितला असता, आणि बुकरकडून दुसऱ्या आठवड्याचे किमान दोन शो, एक दुपारचा आणि एक संध्याकाळचा, आधीच कबूल करून घेतले असते.