सेल्फ ड्रायव्हिंग म्हणून विकलेली गाडी : आठ महिने, सतरा हजार किलोमीटर

गाडीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाही, आता चांगली एसयूव्ही बघायला कुठंही गेलात तरी हेच ऐकायला मिळतं.

माझा सोलापुरात टॉवेलचा धंदा आहे, आठवड्याला एकदा पुणे ठरलेलं, अडीचशे किलोमीटर जायचं अडीचशे यायचं आणि परत यायला रात्र होतीच. म्हणून घरच्यांचं म्हणणं पडलं की यावेळी सेफ्टीवाली गाडी घ्या. शोरूमला गेलो तर तिथला पोरगा म्हणला, "सर, हायवेला लागलं की तुम्ही नुसतं बसायचं, गाडी स्वतः चालती, स्वतः ब्रेक मारती. आत्ता लेव्हल टू आहे, पुढं अपडेट आला की फुल सेल्फ ड्रायव्हिंग." आप्पा मागच्या सीटवर बसले होते, त्यांनी विचारलं, "आणि बैल आडवा आला तर?" तो म्हणला, "काका, त्यालापण ओळखती." खालच्या व्हेरियंटपेक्षा एक लाख ऐंशी हजार जास्त होते, दिले.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं आहेच. दिवसा हडपसरचं ट्रॅफिक सोडलं की यवत ते भिगवण क्रूझ कंट्रोल लावायचं, पुढच्या गाडीच्या मागं ठरलेल्या अंतरावर आपली गाडी हळू-जोरात होत राहती, पाय दुखत नाही, सोलापुरात उतरल्यावर पूर्वीसारखं अंग मोडून आल्यासारखं वाटत नाही. आणि एकदा होटगी रोडवर शाळा सुटायच्या वेळेला एक मावशी स्कूटी घेऊन डिव्हायडरच्या फटीतून एकदम समोर आल्या, माझा पाय ब्रेकवर जायच्या आधी गाडीनं ब्रेक मारला होता. त्या दिवशी मी गाडीला हात जोडले, खोटं बोलत नाही.

आता मोहोळची गोष्ट. डिसेंबर महिना, कारखाने जोरात चालू. रात्रीचे पावणेअकरा, मोडनिंब मागं टाकलं होतं, क्रूझ ऐंशीवर, बायको शेजारी झोपलेली. लाइटच्या उजेडात पुढं काहीतरी काळं दिसलं, रस्त्याचाच तुकडा वाटावा असलं. उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या एका ट्रॅक्टरला, रिफ्लेक्टर नाही, मागचा लाल दिवा असेलही पण वर लोंबणाऱ्या वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, पूर्ण झाकलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर चार-पाच फूट आलेला. गाडी हळू होईल म्हणून मी एक क्षण वाट बघितली. तो एक क्षण मला अजून रात्री आठवतो, कारण स्क्रीनवर पुढं गाडीचं चित्रच आलं नाही, गाडी ऐंशीनंच चालली होती. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, टायर ओरडले, आणि मी ब्रेकवर असताना मग टूंटूं वाजायला लागलं. थांबलो तेव्हा वाढं बॉनेटवर घासत होतं. बायको जागी झाली, काही बोलली नाही, नुसता माझा दंड धरून बसली. सकाळी गाडी पुसताना वायपरच्या खाली उसाचं पान अडकलेलं सापडलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेली, स्कॅनर लावला, तासाभरानं सांगितलं की सिस्टीम एकदम ओके आहे, काही फॉल्ट नाही. मला तिथंच घाम फुटला. बिघाड असता तर दुरुस्त झाला असता ना, इथं तर बिघाड नव्हताच, गाडी बनवलीच तशी आहे. मग घरी येऊन मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं. मळलेली काच, धूळ, जोराचा पाऊस, पुसलेले पट्टे, मागून माल बाहेर आलेली वाहनं, उभी किंवा एकदम हळू चाललेली वाहनं, यातलं काहीही असलं तर ओळखेलच असं नाही आणि जबाबदारी ड्रायव्हरचीच, असं साफ छापलंय. म्हणजे आपला सोलापूर-पुणे रोडच छापलाय की ओ! भिगवणजवळ संध्याकाळी पाण्यावरची चिलटं काचेवर बसतात, वायपर मारला की सगळी काच चिकट, आणि लगेच मेसेज येतो की कॅमेरा ब्लॉक झाला, सिस्टीम बंद. जिथं डांबराचं ठिगळ मारलंय तिथं ठिगळाच्या काळ्या रेघेला पट्टा समजून स्टिअरिंग हाताला ओढ देतं.

या लेव्हलचं गणित शोरूममध्ये कुणी समजावून सांगत नाही म्हणून लिहितो. शून्य ते पाच अशा सहा लेव्हल आहेत. दोनपर्यंत गाडी मदत करती पण चालवणारे तुम्हीच, नजर रस्त्यावर पाहिजेच. तीनमध्ये ठराविक रस्त्यावर ठराविक वेळेपुरती गाडी स्वतः चालवती आणि बोलावलं की तुम्ही ताबा घ्यायचा. जपानमध्ये होंडानं 2021 ला असली गाडी काढली पण मोजक्याच, आणि त्या पण भाड्यानं. मर्सिडीजनं 2022 ला जर्मनीत आणली, ती सुरुवातीला ताशी 60 पर्यंतच आणि तेपण हायवेच्या ट्रॅफिकमध्ये. दोनच्या पुढं तीन म्हणजे फोनच्या अपडेटसारखं एक पाऊल नाही, चूक झाली तर कुणाची हा सगळा हिशोबच बदलतो, आणि तो आपल्या अंगावर घ्यायला बहुतेक कंपन्या तयार नाहीत.

मग मी जुनी आश्वासनं शोधत बसलो, दोन रात्री गेल्या त्यात. टेस्लानं 2016 च्या ऑक्टोबरात सांगितलं की आमच्या सगळ्या नव्या गाड्यांत पूर्ण सेल्फ ड्रायव्हिंगचं हार्डवेअर आहे, आणि टेस्लाचे प्रमुख मस्क म्हणले की 2017 संपायच्या आत लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला गाडी हात न लावता जाईल. 2017 संपलं, गाडी गेली नाही. 2019 ला म्हणले, पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सी. 2025 च्या जूनमध्ये ऑस्टिनला थोड्याशा टॅक्सी सुरू झाल्या तेव्हासुद्धा शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवलेला होता. आणि या सगळ्या काळात लोकांकडून त्या फीचरचे पैसे घेतले, एका वेळी पंधरा हजार डॉलरपर्यंत! आपल्याकडं 2025 च्या जुलैत टेस्लानं मुंबईत शोरूम उघडलं तेव्हा त्याचे सहा लाख वेगळे. फोर्डनं 2016 ला सांगितलं होतं की 2021 पर्यंत स्टिअरिंग नसलेली गाडी देतो, 2022 ला ज्या कंपनीत पैसे घातले होते तीच बंद केली. जनरल मोटर्सनं क्रूझ नावाच्या आपल्या सेल्फ ड्रायव्हिंग टॅक्सीच्या कंपनीवर दहा अब्ज डॉलरच्या वर घालवले आणि 2024 च्या डिसेंबरात टॅक्सीचं काम सोडलं.

वेमो या अमेरिकेतल्या टॅक्सी कंपनीचं मात्र मान्य करावं लागेल. फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या गाड्या खरंच ड्रायव्हरशिवाय पॅसेंजर नेतात. पण ते काम गूगलमध्ये 2009 ला सुरू झालं, गाडीवर लिडार (लेसरनं अंतर मोजणारं यंत्र), रडार, कॅमेऱ्यांचा ढीग, आणि आधी नकाशे करून ठरवलेल्या भागातच चालती. ती टॅक्सी आहे, तुम्ही विकत घेऊन टेंभुर्णीला नेऊ शकत नाही.

गावात तर मी लेनचं आणि वॉर्निंगचं सगळं बंदच ठेवतो. सात रस्ता ते स्टेशन एवढ्यात इतक्या वेळा वाजतं की खरं वाजलं तरी लक्ष जाणार नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळेला नंदीध्वज येणार म्हणून रस्ता बंद होता, एक पोरगा लांबून मला बघितला आणि नुसती मान आणि दोन बोटं हलवली, मला कळलं की मागं घे आणि डाव्या बोळातून जा. यातलं गाडीला काय कळणार होतं?

शोरूमला परत गेलो होतो. म्हणलं, "तुम्ही जे बोलला होता ना, गाडी स्वतः चालती, अपडेट येणार, ते लेटरहेडवर लिहून द्या." मॅनेजर चहा पाजले, चांगले बोलले, लिहून काही दिलं नाही. मला राग याचा आहे की तोच पोरगा तेच वाक्य आजपण कुणालातरी सांगत असणार, आणि त्यातला एखादा पुण्याहून दमून येताना दोन मिनिटं डोळे मिटणार, गाडी बघती म्हणून.

माझा मेव्हणा हीच गाडी घेणार होता, टॉप मॉडेल. त्याला घेऊन रात्री मोहोळपर्यंत गेलो आणि आलो, वाटेत तीन ट्रॉल्या लागल्या, एक स्क्रीनवर दिसली, दोन दिसल्या नाहीत. त्यानं खालचं व्हेरियंट बुक केलं, सहा एअरबॅग त्यातपण आहेत. उरलेल्या पैशातून चांगले टायर टाकणार म्हणतोय, आणि रात्री परत यायच्या ऐवजी पुण्यात मुक्काम करायचा असं आम्ही दोघांनी ठरवलंय.