जुन्या इमारतींचा दगड का झिजतो: दोन दिवसांची कार्यशाळा, माझा अनुभव

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ही कार्यशाळा केली, आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. फी २,२०० रुपये, त्यात दोन्ही दिवसांचं जेवण. पहिल्या दिवशी सकाळी मुंबईत गेटवे ते हुतात्मा चौक असा वॉक आणि दुपारी वर्गात प्रात्यक्षिक, दुसऱ्या दिवशी अंबरनाथचं शिवमंदिर. विषय एकच, जुन्या बांधकामांचा दगड खराब कसा होतो. मी आर्किटेक्ट नाही, इंजिनियर नाही, बँकेत नोकरी करते, तरी सगळं नीट कळलं. हे आधीच सांगते कारण बरेच जण "आपल्याला झेपेल का" म्हणून मागे राहतात.

मी गेले त्याला कारण आमच्या गावचं मंदिर. लहानसंच आहे, काळ्या पाषाणाचं. आठ वर्षांपूर्वी जीर्णोद्धार केला तेव्हा बाहेरून ऑइलपेंट मारला, दगडांच्या दर्जांमधला (म्हणजे दोन दगडांच्या सांध्यांमधला) जुना चुना खरवडून काढला आणि सिमेंट भरलं, भोवती कोबा केला. मीपण वर्गणी दिली होती, तेव्हा सगळ्यांना चकाचक वाटलं होतं. आता खालच्या दोन थरांवर रंगाला फोड आलेत, आणि फोड सोलला की रंगासोबत दगडाचा पापुद्रापण हातात येतो. गावात म्हणतात दगडच हलका होता. मग आधी इतकी वर्षं तोच दगड कसा टिकला, हे मला कोणी सांगत नव्हतं.

गेटवेपाशी सकाळी साडेसातला जमलो. मॅडमनी (कितीतरी वर्षं संवर्धनाचं काम करतायत) पहिलं वाक्य हेच सांगितलं की आज दगड बघू नका, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते बघा. गेटवे १९२४ ला पूर्ण झालं, पिवळसर बेसॉल्ट (लाव्हा थंड होऊन झालेला दगड) आहे, समुद्र अगदी पायाशी. २०२३ मधे लोकसभेत सरकारनेच सांगितलं होतं की काही ठिकाणी पृष्ठभागावर भेगा आहेत पण एकूण इमारत चांगली आहे. तेव्हा बातम्यांमधे "गेटवेला तडे" वाचून मी घाबरले होते. प्रत्येक भेग सारखी नसते, वरवरची कुठली, आतल्या गंजलेल्या लोखंडाने दगड फोडून आलेली कुठली, हे मॅडमनी फोटोंवरून उलगडून दाखवलं. लोखंड गंजलं की फुगतं, आणि जुन्या बांधकामात दगडाला दगड बांधायला लोखंडी क्लॅम्प घातलेले असतात, त्यांच्यापर्यंत पाणी पोचलं की दगडाचा कोपरा आतून उडतो.

तिथून म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इतक्या वेळा गेलेय पण भिंत कधी बघितलीच नव्हती. करडा दगड कुर्ल्याचा बेसॉल्ट, आणि पिवळसर तो मालाड स्टोन. मी त्याला सँडस्टोन समजत होते, तो ज्वालामुखीचाच निघाला, ट्रॅकाइट. मुंबईच्या जुन्या इमारतींमधे तिसरा दगड येतो पोरबंदरचा, तो चुनखडीचा, मऊ, म्हणून कोरीव कामाला वापरला, आणि नेमकं तेच सगळ्यात आधी जातं. भिंगातून बघितला तर बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात, समुद्री जीवांच्या कवचांपासून तयार झालेले. पुढे फ्लोरा फाउंटन. १८६४ चं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडातलं, आणि त्याच्यावर वर्षानुवर्षं पांढरा ऑइलपेंट मारत होते! २०१९ ला दुरुस्ती पूर्ण झाली, त्यात ते रंगाचे थर काढले. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं मंदिर.

चुनखडीच्या दगडावरचा काळा थर हा प्रकार मला सगळ्यात आवडला. मला वाटायचं तो नुसता धूर आणि धूळ. तर हवेतला सल्फर डायऑक्साइड आणि ओल मिळून चुनखडीचं जिप्सम बनवतात, आणि त्या जिप्समच्या खड्यांमधे काजळी अडकते. म्हणून तो थर पाऊस लागतो तिथे नसतो, छज्जाच्या खाली, कोरीव कामाच्या खोबणीत असतो. पावसाने धुतलेला भाग गोरा दिसतो पण तोही थोडा थोडा विरघळून गेलेला असतो. म्हणजे काळं ते खराब आणि पांढरं ते चांगलं असं काही नाही.

आता दुपार. कार्यशाळेचा जीव इथे आहे. टेबलावर तीन दगड, काळा बेसॉल्ट, मालाड आणि पोरबंदर. आधी तिन्हींवर व्हिनेगरचा थेंब, फक्त पोरबंदरवर बुडबुडे. मग कार्स्टन ट्यूब, ही काचेची छोटी नळी असते, खाली वाटीसारखं तोंड, ते पुटीने दगडाला चिकटवायचं आणि वर ४ मिलिलिटरपर्यंत पाणी भरायचं, पातळी किती वेळात उतरते ते घड्याळ लावून बघायचं. बेसॉल्टवर अर्ध्या तासात हललीच नाही म्हटलं तरी चालेल, पोरबंदरने चहा यायच्या आत सगळं पिऊन टाकलं. नंतर मॅडमनी एका डब्यातून दोन ठोकळे काढले, एकाच दगडाचे कापलेले, एक तसाच ठेवलेला, दुसरा सोडियम सल्फेटच्या पाण्यात बुडवून आणि भट्टीत वाळवून, असं १५ वेळा केलेला. दुसऱ्याला कोपरे उरलेच नव्हते. हातात घेतला तर बोटांना वाळू लागली आणि तळहातावर एक लहान खपली सुटून पडली. मी ती कागदात बांधून घरी आणलीये.

कारण मीठ. पाण्यासोबत क्षार दगडाच्या छिद्रांमधे जातात, पाणी उडून जातं, क्षार आत खडे धरतात आणि छिद्राच्या भिंतीला रेटतात. सोडियम सल्फेट तर कोरडं असताना पाणी धरलं की चौपटीहून थोडं जास्त फुगतं. आणि साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल ओढून विरघळतं, खाली आली की परत खडे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, अगदी तेच भिंतीत होत असतं. म्हणजे भर पावसात मीठ विरघळूनच असतं, ते दगडाला फोडायला लागतं ते ऑक्टोबरनंतर, पहाटे दमट आणि दुपारी कोरडं असं रोज व्हायला लागलं की. मी आजवर समजत होते की पाऊस दगड खातो. सकाळी एका गल्लीत जुन्या भिंतीच्या गुडघाभर उंचीवर पांढरी भुकटी बघितली होती, भिंगाखाली कापसासारख्या बारीक सुया, आमच्याकडे म्हणतात भिंतीला लोणा लागलाय. तो शब्द लहानपणापासून ऐकत आलेय, त्याच्या आत काय चाललेलं असतं ते आता कळलं.

आणि मग सिमेंट. जमिनीतली ओल भिंतीत चढते, ती बाहेर पडायला वाट लागते. चुन्याची दर्ज ओल बाहेर सोडते आणि क्षार स्वतःवर घेते, दहा-वीस वर्षांनी ती भुसभुशीत झाली की खरवडून नवी भरायची, दगड वाचतो. सिमेंट घट्ट, ओलीला वाटच नाही, मग ओल दगडातून बाहेर पडते आणि क्षार दगडात खडे धरतात. त्यावर ऑइलपेंट म्हणजे उरलेलं दारही बंद, आणि भोवती कोबा म्हणजे जमिनीतली वाफ सगळी भिंतीकडे. आमच्या मंदिराला आम्ही हे तिन्ही केलं होतं. मला तिथे बसवेना, पाच मिनिटं बाहेर जाऊन आले.

जुन्या गोव्याच्या बॅसिलिका ऑफ बॉम जेझुसची एक स्लाइड होती, तिथे उलटं झालं. १६०५ चं चर्च, जांभ्याचं, त्यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला, जांभा उघडा दिसावा म्हणून. आज लोकांना तेच रूप मूळ वाटतं, पण जांभा उघड्यावर पाऊस खातोय.

शेवटचा तास चुन्याचा, एक मिस्त्रीकाका आले होते, त्यांनी चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात टाकली तेव्हा पिंपातून उकळी फुटल्यासारखा आवाज आला, आम्ही सगळे दोन पावलं मागे. गूळ, बेलफळाचा गर, कशाने काय होतं ते त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितलं. त्यांना फक्त एक तास दिला, निदान अर्धा दिवस हवा होता.

खटकलेल्या गोष्टीपण लिहिते. आम्ही ३० जण आणि भिंगं ५, रांग लावून बघायचं म्हणजे मागच्याला ऐकू काहीच येत नाही. जाताना स्वतःचं १० एक्स भिंग घेऊन जा, तीन-चारशेत मिळतं. छापील नोट्स सगळ्या इंग्लिशमधे, बोलणं सगळं मराठीत, मिस्त्रीकाकांना त्या नोट्सचा काय उपयोग? गावोगावच्या मंदिर ट्रस्टच्या हातात मराठी पत्रक पडलं तर किती नुकसान वाचेल. रविवारी अंबरनाथला गर्दी फार, मॅडमचा आवाज पोचत नव्हता.

पण अंबरनाथ बघाच. शके ९८२ चा म्हणजे १०६० चा शिलालेख आहे तिथे, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला, आणि सगळं बांधकाम आपल्या काळ्या दगडाचं. बेसॉल्ट अमर असतो हा माझा समज तिथे गेला. त्याच्यात लाव्ह्यातल्या वायूंमुळे पोकळ्या राहिलेल्या असतात, काहींमधे झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे खडे, काहींमधे हिरवट माती, आणि ती माती ओलीने फुगते, उन्हात आकसते, असं होत होत वरचा थर सोडवते. मॅडमनी बोटाच्या पेराने हलकंसं वाजवून फरक ऐकवला, तोही आवारात सुट्या पडलेल्या एका दगडावर, मूर्तींना हात लावू दिला नाही. भरीव जागी टक्, सुटलेल्या जागी पोकळ. भिंतींवर करडे गोल डाग होते, ते दगडफूल, गोड्या मसाल्यात घालतो त्याच्याच जातीतलं. त्याचे धागे दगडाच्या दाण्यांमधे शिरलेले असतात, तारेच्या ब्रशने घासलं की दगडाचे दाणेपण निघून येतात. आमच्या मंदिरात रंगाआधी हेच केलं होतं, आठ माणसं दोन दिवस घासत होती.

सोमवारी मंदिराचे फोटो मॅडमना पाठवले, त्यांनी रात्रीच उत्तर दिलं, रंग आत्ता खरवडू नका, आधी भिंतीलगतचा हातभर कोबा फोडून खडी भरा, छताचं पाणी लांब सोडा, एक पावसाळा जाऊ दे, मग बघू. गुरवकाका तयार झालेत, ट्रस्टशी बोलणं चाललंय. पुढची बॅच जुलैत आहे म्हणतात, तेव्हा पन्हळी कुठे गळतात ते भर पावसात दिसेल, लोणा बघायचा असेल तर मात्र नोव्हेंबरचीच घ्या. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापला तो नोट्ससाठी.