मिनी कॉम्प्रेसर आणि एअरब्रशचा सेट, नऊ महिन्यांनंतर: पाण्याचा ट्रॅप आधी बघा

फेब्रुवारीत हा सेट घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी मी पाच स्टार देऊन मोकळा झालो. जुलैत ते खाली आणून एक केला. आज तीन देतोय. का, ते सांगायला जरा लांबण लागेल.

एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारा ब्रश. सेटमध्ये काय काय आहे ते आधी सांगतो. टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर, ०.३ मिलिमीटर सुईचा डबल अ‍ॅक्शन ब्रश (चाप दाबला की हवा, मागे ओढला की रंग), दीड मीटर नळी, प्रेशरचा गेज आणि गेजखाली लटकणारी पारदर्शक वाटी, म्हणजे हवेतलं पाणी धरणारा मॉइश्चर ट्रॅप. साडेपाच हजार रुपये. त्याआधी बारा वर्षं मी साध्या ब्रशानंच विमानांची छोटी मॉडेलं रंगवली. त्यामुळे पहिल्यांदा चाप दाबून मागे ओढला आणि पंखावर धुक्यासारखा रंग बसत गेला, तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. गॅलरीत चालवा, कपडे वाळत नसताना."

उन्हाळा मजेत गेला. मे महिन्यात हॉकर हंटर हे लढाऊ विमान केलं, १९७१ च्या युद्धात लोंगेवालावर गेलेल्यांपैकी. वाळवंटातल्या उन्हानं विटलेला रंग दाखवायचा होता. मूळ रंगात पांढऱ्याचे चार थेंब टाकायचे, दुधापेक्षाही पातळ करायचा आणि पंधरा पीएसआय इतक्या कमी दाबावर प्रत्येक पॅनेलच्या, म्हणजे विमानाच्या पत्र्याच्या प्रत्येक तुकड्याच्या, फक्त मधोमध हलका मारायचा. कडा गडद राहतात, मधला भाग विटतो. हे हातानं जन्मात जमलं नसतं. तोवर पाचाचे साडेपाच स्टार द्यायची माझी तयारी होती.

मग पाऊस आला.

टेबलावर मिग-२१ बिस होतं, खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाचं किट. अंगभर फिकट राखाडी. माझं बालपण नाशिकचं आणि मामा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे जिथे मिग-२१ बनायची त्याच कारखान्यात, त्यामुळे हे विमान मला बाकीच्यांसारखं 'एक मॉडेल' नाही. शेवटचा थर मारत होतो आणि डाव्या पंखावर ब्रश चक्क थुंकला. रंग नव्हे, पाणी. मोहरीएवढा थेंब, भोवती सहा-सात बारीक शिंतोडे. ओल्या अ‍ॅक्रिलिकवर ते पडले आणि वाळल्यावर कडेला गडद, आत फिकट अशी वर्तुळं उमटली. टिपकागदानं टिपायला गेलो तर आणखी फरपटलं.

गंमत म्हणजे ट्रॅपच्या वाटीत तेव्हा पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता. कोरडी ठणठणीत.

कस्टमर केअरला फोन केला. "सर, ट्रॅपमध्ये पाणी दिसतंय का?" नाही. "मग सर, कॉम्प्रेसरमधून पाणी येत नाहीये." अहो, पंखावर आलंय ना! "सर, रंगात पाणी जास्त झालं असेल." माझा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पातळ केलेला, त्यात पाण्याचा संबंध येतो कुठे? तीन फोन, दोन व्हिडिओ, एक ईमेल. शेवटी उत्तर आलं की युनिट व्यवस्थित चालतंय, वॉरंटीत बसत नाही. त्याच रात्री एक स्टार.

आता मीच माझं म्हणणं थोडं बदलतो, कारण राग ओसरल्यावर डोकं चालवलं. टाकी नसलेला कॉम्प्रेसर वीस मिनिटांत इतका तापतो की हात ठेववत नाही. त्यातून हवा गरमच निघते आणि गरम हवेतली वाफ ट्रॅपमधून वाफ म्हणूनच पुढे सरकते. पुढे नळीत हवा निवते आणि तिथे तिचं पाणी होतं, म्हणजे ट्रॅप ओलांडल्यावर. टाकी असती तर हवा आधी टाकीतच निवली असती. म्हणजे कॉम्प्रेसर बिघडलेला नाही, ट्रॅपची जागा चुकली आहे. चौकीदार दारात उभा आणि चोर आधीच घरात. पुण्याच्या जुलैत हे होणारच होतं. कोरड्या हवेच्या गावी राहणाऱ्यांना कदाचित कधीच कळणार नाही.

उपाय रविवार पेठेत, बोहरी आळीत सापडला. नळीच्या ब्रशाकडच्या टोकाला लावायचा छोटा फिल्टर, एक अष्टमांश इंची आट्यांचा, दोनशे ऐंशी रुपये. शिवाय तीन मीटरची नवी नळी आणि प्लंबरचा पांढरा टेप. नळीचं वेटोळं गार पाण्याच्या बादलीत सोडतो, हवा तिथेच निवते, जमलेलं पाणी ब्रशाजवळचा फिल्टर धरतो. दर दहा मिनिटांनी फिल्टरची खालची पिन दाबली की फुस्स होऊन दोन थेंब पडतात. ते दोन थेंब बघताना मला जे समाधान मिळतं ते कुठल्याच रिव्ह्यूत लिहिण्यासारखं नाही. ऑगस्टपासून एकदाही थुंकलेला नाही. सगळा खर्च सातशे साठ. पावती ठेवली आहे.

बाकी थोडक्यात. नॉझल तांदळाच्या कणीएवढं आहे आणि सोबतच्या पान्यानं आवळलंत तर चिरतं. बोटानंच आवळा, आणि धुताना बेसिनच्या जाळीवर फडकं टाका. आवाज मिक्सरपेक्षा कमी. वायर आखूड.

पंखाचं काय झालं ते राहिलं. डागाळलेला रंग खरवडून नव्यानं मारायचा ठरवलं होतं, पण आळस केला. उरलेल्या विमानावर मात्र जीव तोडून काम केलं. ग्लॉस वार्निशवर कॅम्लिनचा बर्न्ट अंबर ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पॅनेलच्या रेघांत सोडला, अर्ध्या तासानं कानकाडीनं हवेच्या दिशेनं, पुढून मागे पुसला. पोटाखाली दुनळी तोफेच्या तोंडापासून मागे काजळी, चाकांच्या कप्प्यांत मळ. रेघन् रेघ उठून दिसत होती. मी खूश.

भाऊबीजेला मामा आईकडे आला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला हवाई दलातून मिग-२१ चा निरोप झाला, तो त्यानं टीव्हीवर शेवटपर्यंत बघितला होता, त्यामुळे मुद्दाम मॉडेल हातात दिलं. चष्मा कपाळावर चढवून त्यानं ते नाकाजवळ नेलं.

"या काळ्या रेघा कसल्या रे?"

"पॅनेल लाइन, मामा. मळ साचतो ना."

"एवढ्या? ओव्हरहॉल करून असं विमान दिलं असतं तर इन्स्पेक्शनवाल्यानं मला उभा जाळला असता." मग त्यानं मॉडेल उलटं केलं, परत सुलटं केलं आणि डाव्या पंखावर अंगठा टेकवला. "हे मात्र बरोबर केलंयस. पावसात बाहेर उभं राहिलं की असेच डाग पडायचे. कसं केलंस?"

मी म्हटलं, टेक्निक आहे.

याचं श्रेय कंपनीला देणार नाही. पण पंख तसाच ठेवलाय, आणि एकाचे तीन स्टार झाले ते त्या संध्याकाळी. वरचे सातशे साठ धरले तर खरं म्हणजे अडीचच.

मामाला आता मिग-२१ एफएल हवंय, बिनरंगाचं, उघड्या धातूचं. त्यासाठी चकचकीत काळ्यावर मेटॅलिक लॅकर मारावा लागेल, आणि या ब्रशातल्या रबरी रिंगा लॅकर थिनरनं फुगतात. टेफ्लॉनच्या रिंगा वेगळ्या मिळतात का, म्हणून कंपनीला विचारलंय. उत्तर आलं, "सर, युनिट वॉरंटीत बसत नाही."